‘इन्क्रीज’ला मराठीत काय म्हणावे? ‘वाढ’ या शब्दाचे अर्थ, पर्याय आणि वडोदऱ्याची साक्ष

‘इन्क्रीज’ हा इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की तो परका असल्याची आठवण करून द्यावी लागते. पगार इन्क्रीज होतो, वजन इन्क्रीज होते, पंख्याचा स्पीड इन्क्रीज करायचा असतो आणि डॉक्टर गोळीचा डोस इन्क्रीज करतात. शब्दकोश उघडला तर अर्थ एका शब्दात मिळतो : वाढ. क्रियापद हवे असेल तर वाढणे किंवा वाढवणे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरते एवढे पुरेसे आहे. वृत्तपत्राच्या टेबलावर मात्र ते पुरत नाही. इंग्रजीतून आलेली बातमी मराठीत लिहिताना या एका शब्दासमोर आठ-दहा मराठी शब्द येऊन उभे राहतात आणि त्यांपैकी कोणता उचलला यावर वाचकाला काय कळणार आणि त्याच्यापासून काय लपणार, हे ठरते.

या शब्दाकडे नीट पाहण्याचे माझे निमित्त मात्र घरगुती आहे. माझी मावशी वडोदऱ्यात, दांडिया बाजारात राहते. गायकवाडी काळापासून मराठी कुटुंबे ज्या वस्त्यांत राहत आली, त्यांतील ही एक. काही वर्षांपूर्वी तिच्या ओटीवर मी मराठी दैनिक वाचत बसलो होतो. शेजारच्या गुजराती आजींना देवनागरी वाचता येते. त्यांनी माझ्या खांद्यावरून मथळा वाचला, त्यात ‘पगारवाढ’ हा शब्द होता. त्या हळहळून म्हणाल्या, “पगार कोणे वाढ्यो?” पगार कोणी कापला, असा त्या प्रश्नाचा अर्थ. आधी मला वाटले की त्या थट्टा करीत आहेत. पण त्यांची हळहळ खरी होती.

गुजरातीत ‘वाढवुं’ म्हणजे कापणे. गवत वाढतात, उभे पीक वाढतात आणि शस्त्रक्रियेला ‘वाढकाप’ असा रूढ शब्द आहे. आपण ज्याला वाढ म्हणतो त्यासाठी तिथे ‘वधारो’ आहे. पगारवाढ म्हणजे ‘पगारवधारो’. आपल्या ‘ढ’च्या जागी त्यांचा ‘ध’ येतो आणि आपला ‘ढ’ तसाच त्यांच्याकडे नेला तर अर्थ उलटा होतो.

हा विरोध दिसतो तितका अपघाती नाही. ‘वाढ’ हा शब्द संस्कृतातील ‘वृध्’ या धातूपासून, प्राकृतातील ‘वड्ढ’च्या वाटेने मराठीत आला. वृद्धी, वर्धन, संवर्धन, वर्धमान, वर्धिष्णू ही सारी त्याच धातूची संतती. पण धातुपाठात ‘वर्ध्’ असा आणखी एक धातू नोंदलेला आहे आणि त्याचे अर्थ दिले आहेत छेदणे व भरणे. सुताराला संस्कृतात ‘वर्धकि’ म्हणतात, हिंदीतला ‘बढई’ तिथलाच. ‘वर्धापन’ या शब्दाचा एक जुना अर्थ तर नवजात बाळाची नाळ कापणे असा आहे. त्या विधीवरून तो वाढदिवसाच्या सोहळ्याला लागला आणि आज आपण संस्थांचे वर्धापनदिन साजरे करतो. कापणे आणि वाढणे या दोन क्रिया एका उच्चाराच्या आसपास शेकडो वर्षे नांदत आल्या आहेत. मराठीने त्यांतली एक ठेवली, गुजरातीने दोन्ही ठेवून ‘ध’ आणि ‘ढ’ यांत वाटून दिल्या.

(जाता जाता : वडोदरा या नावाचा या वाढीशी संबंध नाही. ते वडाच्या झाडावरून आले आहे. इ. स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात या गावाचा उल्लेख ‘वटपद्रक’ असा आहे.)

आठ भाषांचा कोश

शब्दांची अशी गल्लत दोन शेजाऱ्यांमध्ये झाली तर हसून सोडता येते. राज्यकारभारात झाली तर सारा, दंड, पगार, मुदत या साऱ्यांत गोंधळ होतो. बडोदे संस्थानाची अडचण नेमकी हीच होती. राजघराणे आणि दरबारी वर्ग मराठी, बहुसंख्य प्रजा गुजराती, जुन्या दप्तरांची परिभाषा फारसी वळणाची आणि नव्या कायद्यांची भाषा इंग्रजी. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८८१ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, त्यानंतर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणापासून ग्रंथालयांपर्यंत अनेक कामे केली. त्यांपैकी सर्वांत कमी बोलले जाणारे काम म्हणजे ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला कोश. त्यात कारभारातील इंग्रजी शब्दांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द मांडलेले आहेत. इंग्रजी धरून आठ भाषा.

या परंपरेचे मूळ आणखी मागे जाते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला. परंतु या दोन्ही प्रयत्नांत एका भाषेतून दुसरीत जायचे होते. बडोद्याच्या कोशाची रीत निराळी. एकाच कल्पनेसाठी सात भाषा काय म्हणतात ते शेजारीशेजारी ठेवायचे आणि मग लोकांना कळेल असा शब्द निवडायचा. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांना मिळाले, ते सयाजीराव राज्यकर्ता म्हणून गुजराती प्रजेला कळणाऱ्या भाषेचाही तितकाच विचार करीत होते.

गोव्याच्या वाचकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. येथेही मराठी वाचणाऱ्याच्या घरात आणि बाजारात दुसरी भाषा बोलली जाते, आणि तिच्यात ‘वाढ’चे ‘वाड’ होते. कोकणीत वाडप म्हणजे वाढणे, वाडोवप म्हणजे वाढवणे आणि जन्मदिवस तो वाडदीस. महाप्राण गेला, अर्थ टिकला. वडोदऱ्यात आपल्या शब्दाच्या वाटेला जे आले ते गोव्यात आले नाही, एवढे आपले भाग्य.

वाढते, वाढवते आणि वाढते

बडोद्याची ती रीत आपण एका शब्दापुरती वापरून पाहू. प्रथम मूळ क्रियापद. ‘मूल वाढते’, ‘आई मुलाला वाढवते’ आणि ‘आई मुलाला वाढते’ ही तीन वाक्ये पाहावीत. पहिल्यात क्रिया आपोआप होते. दुसऱ्यात कोणीतरी ती घडवून आणते. तिसऱ्यात ताट मांडलेले आहे. इंग्रजीतील ‘इन्क्रीज’ला पहिल्या दोन वाक्यांत एकच रूप चालते आणि तिसऱ्याशी त्याचे काही नाते नाही. पानात अन्न घालण्याला वाढणे म्हणणारी मराठी (आणि आपली कोकणी) शेजारच्या गुजरातीहून येथे वेगळी आहे. तिथे ‘पीरसवुं’ म्हणतात. वाढपी, वाढून घेणे, भिक्षा वाढणे ही सारी कुळी या अर्थाची. ‘पुढ्यात काय वाढून ठेवले आहे कोण जाणे’ असे आपण नशिबाविषयी म्हणतो, तेव्हाही पान नियतीने वाढलेले असते.

गुजरातीतील ‘वधवुं’चा आणखी एक अर्थ स्वयंपाकघरात भेटतो : उरणे. ‘रोटली वधी छे’ म्हणजे पोळ्या उरल्या आहेत. माझी मावशी आता सहज म्हणते, “चार पोळ्या वधल्यात, सकाळी फोडणीच्या करू.” पुण्याहून आलेल्या तिच्या जावेला हे वाक्य दोनदा ऐकावे लागले होते. खर्च भागून जे हाती राहते ती खरी वाढ, हा हिशेब मात्र आपल्यालाही ठाऊक आहे. सहकारी संस्थांच्या अहवालात उत्पन्नातून खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेला ‘वाढावा’ म्हणतात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत हा शब्द अजून ऐकू येतो आणि तरुण सभासद त्याचा अर्थ विचारतात.

मग येतो मंगल बोलण्याचा अर्थ. नारळ ‘फोडायचा’ नसतो, ‘वाढवायचा’ असतो. बांगडी फुटली की ‘वाढवली’, मंगळसूत्र तुटले की ‘वाढले’. अशुभ क्रियेचे नाव न घेता तिच्या उलट बोलण्याची ही रीत हिंदीतही आहे. दुकान बंद करण्याला तिकडे ‘दुकान बढाना’ म्हणतात. गुजराती माणूस मात्र श्रीफळ ‘वधेरतो’. नारळाच्या बाबतीत मराठीने अमंगल टाळण्यासाठी ‘वाढवणे’ पत्करले की कापण्याचा तो जुना ‘वर्ध्’ येथे लपून बसला आहे, हा प्रश्न मला वडोदऱ्यातच पडला. दोन्ही कारणे एकमेकांना धरून असावीत असे माझे मत.

‘वृद्धी’ हा तत्सम शब्दही असाच मंगल. पाणिनीच्या अष्टाध्यायीचे पहिले सूत्र याच शब्दाने सुरू होते. तिथे तो व्याकरणातील आ, ऐ, औ या स्वरांची संज्ञा आहे, तरीही ग्रंथाची सुरुवात मंगल शब्दाने व्हावी म्हणून आचार्यांनी तो आधी ठेवला, असे पतंजलींनी म्हटले आहे. घरात मूल जन्मल्यावर पाळायच्या सोयरालाही जुनी माणसे ‘वृद्धी’ म्हणतात. आज मात्र हा शब्द सरकारी पत्रकातच अधिक दिसतो : ‘उत्पन्नात वृद्धी’, ‘कौशल्यवृद्धी’. जिथे ‘वाढ’ पुरते तिथे ‘वृद्धी’ लिहिल्याने वाक्य जड होते, अधिक अचूक होत नाही.

कुठे कोणता शब्द

‘वाढ’ला पर्याय शोधताना एक साधा प्रश्न विचारावा. काय वाढले? संख्या, उंची, जोर, पसरण की दर्जा?

संख्येत किंवा साठ्यात नवे काही येऊन मिळाले तर ‘भर पडली’ हे सर्वांत नेमके. ग्रंथालयात दोनशे पुस्तकांची भर पडते. पुस्तके ‘इन्क्रीज’ होत नाहीत. उंचीची कल्पना असेल तर ‘चढणे’ : ताप चढतो, पाणी चढते, भाव चढतो. पावसाळ्यात नदी ‘फुगते’, आणि हाच शब्द विजेच्या बिलाला लावला तर त्यात तक्रारीचा सूर आपोआप येतो. दर्जा, राहणीमान, मान या गोष्टी ‘उंचावतात’. दरी ‘रुंदावते’. उत्साह आणि आनंद ‘दुणावतात’. तिथे दुप्पट मोजून पाहण्याची गरज नसते.

वाईट गोष्टींसाठी मराठीचा भाता अधिक भरलेला आहे, आणि तो आपण वापरत नाही याची मला खंत वाटते. रोग ‘बळावतो’, साथ ‘फैलावते’, भ्रष्टाचार ‘बोकाळतो’, तण ‘माजते’, अवैध धंदे ‘फोफावतात’. इंग्रजी बातमीत या सर्वांना एकच क्रियापद असते आणि त्याचे भाषांतर म्हणून आपण सर्वत्र ‘वाढ झाली’ लिहितो. ‘चोऱ्यांमध्ये वाढ झाली’ या वाक्यात ज्याच्या घरी चोरी झाली त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. उलट, जिथे आकडा हाच मुद्दा आहे तिथे ‘बोकाळल्या’ लिहिणे म्हणजे निकाल आधी देऊन बातमी नंतर लिहिणे. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आकडा हाती असेल तर ‘वाढल्या’ हेच खरे.

माणसाच्या शरीराला वेगळी भाषा आहे. तान्हे बाळ ‘बाळसे धरते’, मूल ‘अंगाने भरते’, मोठ्या माणसाचे वजन ‘वाढते’. वयाच्या टप्प्याप्रमाणे कौतुक कमी होत जाते, हे या तीन शब्दांतून दिसते. रक्तदाब आणि साखर यांना डॉक्टरांपुढे ‘वाढली’ म्हणावे. त्यांत अलंकार नको. ‘व्हॉल्यूम इन्क्रीज कर’ऐवजी ‘आवाज मोठा कर’ आणि ‘स्पीड इन्क्रीज कर’ऐवजी ‘वेग वाढव’ हे घरातल्या घरात सहज जमण्यासारखे आहे.

फारसी-अरबी वाटेने आलेले ‘जादा’ आणि ‘जास्त’ हे शब्द आता पूर्ण आपले आहेत. गणेश चतुर्थीला कोकण रेल्वेवर ‘जादा गाड्या’ सुटतात. त्यांना ‘अतिरिक्त रेल्वेगाड्या’ म्हटल्याने आरक्षण लवकर मिळत नाही. ‘बढती’ पदाची, ‘वेतनवाढ’ पगाराची, ‘मुदतवाढ’ वेळेची; या तिन्हींत घोळ करू नये. कंत्राटदाराला मिळते ती मुदतवाढ, त्याला ती बढती वाटत असली तरी. ‘वाढीव’ हे विशेषण पूर्वी बिल, दर आणि मुदत यांच्यापुरते होते. अलीकडे तरुण मंडळी ‘लय वाढीव’ म्हणतात तेव्हा ते कौतुक आहे की टोमणा, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावे लागते.

‘कोणे?’ हा प्रश्न

त्या आजींच्या प्रश्नातला ‘वाढ्यो’ माझ्या भाषेपुरता चुकला होता, पण ‘कोणे’ अगदी बरोबर होता. मराठीत ‘दर वाढले’ आणि ‘दर वाढवले’ या दोन वाक्यांत एका ‘व’चे अंतर आहे. पहिल्यात दर जणू पावसाने वाढलेल्या गवतासारखे आपणहून वर आले. दुसऱ्यात कोणीतरी निर्णय घेतला आहे, आणि तो कोण हे विचारण्याचा वाचकाला हक्क आहे. टोमॅटोचा भाव आवक घटल्याने वाढतो, तिथे ‘वाढला’ योग्य. घरपट्टी, विजेचा दर, बसभाडे, शाळेचे शुल्क आपणहून वाढत नाहीत. ते वाढवले जातात. कोणत्या मंडळाने, कोणत्या आयोगाने, कोणत्या तारखेपासून, हे त्याच वाक्यात यायला हवे. गोव्यातील विजेचे दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. तेव्हा ‘वीज महागली’ हा मथळा खोटा नसला तरी अर्धा आहे.

पुराच्या बातम्यांत हा भेद जिवाशी येतो. वडोदऱ्यात आजवा जलाशयाचे पाणी विश्वामित्री नदीत येते आणि शहरात धोक्याची पातळी २६ फूट मानली जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला तेव्हा मावशीच्या घरी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांना दोनच गोष्टी कळून घ्यायच्या होत्या : पाणी पावसाने चढते आहे की वरून सोडले जात आहे? ‘पातळी वाढली’ आणि ‘विसर्ग वाढवला’ ही दोन वेगळी माहितीवाक्ये आहेत. पहिले ऐकून आभाळाकडे पाहायचे, दुसरे ऐकून सामान वरच्या मजल्यावर न्यायचे. तिळारी धरणातून पाणी सोडले की पेडणे-बार्देशातील शापोरा नदीकाठच्या गावांना सावध करावे लागते, त्या गावांना हा फरक मी समजावून सांगण्याची गरज नाही.

या संदर्भात ‘वधारणे’ या शब्दाची कथा मोठी बोलकी आहे. शेअर बाजार वधारतो, सोने वधारते, रुपया वधारतो. मराठी शब्दाला ‘ढ’ हवा होता, येथे ‘ध’ आहे. बाजारातील गुजराती व्यापाऱ्याच्या तोंडून तो आपल्याकडे आला असावा असे मला वाटते. पण गुजरातीत ‘वधारवुं’ हे सकर्मक क्रियापद आहे. ‘भाव वधार्या’ म्हणजे कोणीतरी भाव वाढवले. मराठीत मात्र ते अकर्मक झाले आणि ‘भाव वधारले’ असे आपण लिहितो. भाव वाढवणारा व्यापारी शब्दाबरोबर आला नाही.

याहून चतुर शब्द कार्यालयांत तयार होतात. ‘सुधारित दर’, ‘दरांचे सुसूत्रीकरण’, ‘शुल्कसमायोजन’. सुधारणा या शब्दात मराठी माणसाला चांगले काही घडल्याचा भास होतो. आगरकरांच्या साप्ताहिकाचे नाव ‘सुधारक’ होते. दर ‘सुधारला’ असे वाचून तो कमी झाला असे समजणारा वाचक मूर्ख नसतो. आमच्या टेबलावर असे पत्रक आले की मी जुना दर आणि नवा दर शेजारीशेजारी लिहितो. जुना कमी, नवा जास्त दिसला की मथळ्यात ‘दरवाढ’. पत्रक पाठवणाऱ्याने एकदा दूरध्वनी करून विचारले होते की आम्ही तर दरवाढ शब्द कुठे वापरलाच नव्हता. तेही खरेच होते.

जुने शब्द, नवा हिशेब

आधी सांगून, ठरवून केलेल्या वाढीला जुन्या मराठी कारभारात स्वतंत्र शब्द होता : ‘इस्तावा’. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला कौल दिला जाई आणि त्यात पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग वर्षागणिक थोडाथोडा चढता, शेवटी पूर्ण दर, असा क्रम आधीच लिहिलेला असे. हा शब्द आज मृत आहे. पण पाच वर्षांच्या भाडेकरारात दरवर्षी ठरावीक टक्के भाडे वाढेल असे कलम असते, ते कलम म्हणजे इस्तावाच. त्यासाठी आपण इंग्रजी शब्द शोधत बसतो.

दुसरा शब्द ‘वाढीदिढी’. सावकाराने पेरणीच्या वेळी धान्य उसने द्यायचे आणि सुगीला दीडपट परत घ्यायचे. मध्ये दोन-चार महिने गेलेले असत. हा शब्द विसरला गेला याचे दुःख नाही, तो व्यवहार विसरला गेला असता तर बरे झाले असते.

‘दामदुप्पट’चे मात्र उलटेच झाले आहे. धर्मशास्त्रात व्याजालाही वृद्धी म्हणतात, व्याजावरच्या व्याजाला चक्रवृद्धी. आपले ‘चक्रवाढ व्याज’ तेच. या वाढीला लगाम म्हणून दामदुप्पटीचा नियम होता : एका वेळी वसूल करायचे व्याज मूळ मुद्दलाहून अधिक असू शकत नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंसाठी तो मानला. म्हणजे हा शब्द कर्जदाराचे रक्षण करणारा होता, सावकाराच्या वाढीवरची शेवटची रेघ होता. आज तो गुंतवणुकीच्या जाहिरातीत भेटतो : अमुक वर्षांत दामदुप्पट. मर्यादा सांगणारा शब्द आमिष दाखवू लागला. ज्या योजनांनी अशा मथळ्याखाली लोकांची पुंजी बुडवली, त्यांच्या बातम्या लिहिताना हा शब्द अवतरणचिन्हांत टाकण्यापलीकडे आमच्या हाती काही नसते.

‘ने’, ‘पर्यंत’ आणि ‘पट’

शेवटी व्यवहारातल्या तीन-चार चुका, कारण आमच्याकडे वाचकांची सर्वाधिक पत्रे याच विषयावर येतात.

‘भाडे २० रुपयांनी वाढले’ आणि ‘भाडे २० रुपयांपर्यंत वाढले’ ही वाक्ये सारखी नाहीत. १५ रुपयांचे भाडे पहिल्या वाक्याप्रमाणे ३५ होते, दुसऱ्याप्रमाणे २०. विभक्तीचा एक प्रत्यय प्रवाशाच्या खिशातले १५ रुपये इकडचे तिकडे करतो.

‘दुप्पट झाली’ आणि ‘दुपटीने वाढली’ यांतही वाद होतो. १०० ची संख्या २०० झाली तर ती दुप्पट झाली; वाढ १०० टक्के. ‘दुपटीने वाढली’ याचा काटेकोर अर्थ घेतला तर १०० मध्ये २०० मिळून ३०० व्हायला हवेत, पण बहुतेक लिहिणाऱ्यांना २०० च म्हणायचे असते. म्हणून ‘दुप्पट झाली’, ‘तिप्पट झाली’ असेच लिहावे आणि शक्य असेल तर दोन्ही आकडे द्यावेत.

टक्क्यांची टक्केवारी हा आणखी एक सापळा. व्याजदर ६ टक्क्यांवरून ७ झाला तर तो एक टक्क्याने वाढला असे बोलले जाते, पण मुळाच्या तुलनेत ती वाढ सुमारे १६.७ टक्के आहे. कर्जाचा हप्ता भरणाऱ्याला दुसरा आकडा अधिक जाणवतो. ‘६ वरून ७ टक्के’ असे लिहिले की दोघांचेही भागते. रिझर्व्ह बँकेच्या बातमीत येणारे २५ बेसिस पॉइंट म्हणजे पाव टक्का. पाव, अर्धा, पाऊण हे आपले शब्द असताना वाचकाला शंभराने भागायला लावू नये.

आणि सर्वांत मोठी चूक घटीची. ‘महागाईचा दर घटला’ ही बातमी वाचून एका वाचकांनी विचारले होते की मग दुकानदार जुन्याच भावाने का देत नाही? शंभर रुपयांची पिशवी एका वर्षाने १०६ रुपयांची झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षी ११० ची, तर पहिल्या वर्षी महागाईचा दर ६ टक्के आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ३.८ टक्के. दर घटला, पिशवी मात्र चार रुपयांनी महागच झाली. वाढीचा वेग मंदावणे म्हणजे घट नव्हे. अशा बातमीला ‘महागाई घटली’ हा मथळा चालत नाही. ‘भाववाढ मंदावली’ हा चालतो, एका ओळीत बसतोही.